गुन्हा घडताना पाहिला, पण पोलिसांना सांगितलं नाही. तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते का?

'कशाला ती पोलिसांची भानगड?' असं म्हणत अनेकजण डोळ्यांसमोर घडलेल्या गुन्ह्याबद्दलही गप्प राहतात. काही गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र हे गप्प राहणंच गुन्हा ठरतं.

कायदा काय सांगतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३३ मध्ये गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. खून, दरोडा, अपहरण यांसारखा यादीतला गुन्हा घडल्याचं किंवा कुणी तो करणार असल्याचं कळलं, तर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला लगेच कळवणं बंधनकारक आहे. न कळवण्यामागे रास्त कारण असेल तर सूट मिळते, पण ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती असलेल्या व्यक्तीवरच असते. जाणूनबुजून माहिती न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २३९ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साधी चोरी या यादीत येत नाही.

मुलांच्या बाबतीत नियम कडक

१८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा घडू शकतो अशी भीती वाटली, तरी कळवावं लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराचं प्रकरण २०१९ मध्ये समोर आलं. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न दिल्याचा गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने हा निर्णय फिरवला. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं कोर्टाने सांगितलं.

व्हिडिओ पोस्ट केला तर?

पोस्ट टाकणं म्हणजे पोलिसांना कळवणं नव्हे. उलट, पीडित मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा उघड केल्यास पोस्ट करणाराच अडचणीत येऊ शकतो. व्हिडिओ असेल तर तो थेट पोलिसांकडे द्या.

कुठे कळवायचं?

११२ वर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पॉक्सोखाली प्रामाणिक हेतूने माहिती दिली असेल, तर ती चुकीची निघाली तरी माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.