‘वृक्ष’, ‘गौण वनोपज’ आणि ग्रामसभा : मेंढा (लेखा) येथील बांबूच्या हक्काचा इतिहास

वनधोरणाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या आणि खात्यांच्या अंगाने लिहिला जातो. त्यात गावकरी येतात ते अपराधी, लाभार्थी किंवा बंडखोर म्हणून; धोरणाचा अर्थ ठरविणारा पक्ष म्हणून ते क्वचितच येतात. या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे. तेथील वाद वरवर पाहता बांबूच्या वाहतुकीचा होता. वस्तुतः तो एका शब्दाच्या व्याख्येचा, आणि त्या व्याख्येचा अंमल कोणाच्या हाती असावा याचा वाद होता.

वनस्पतिशास्त्र बांबूची गणना तृणकुलात करते. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र ‘वृक्ष’ या संज्ञेत ताडवर्गीय झाडे, बांबू, खुंट, झुडपी लाकूड आणि वेत यांचा समावेश केला व १९२७ च्या अधिनियमाने ती व्याख्या पुढे चालविली. येथे कायद्याची भाषा बारकाईने पाहिली पाहिजे. बांबू हा वृक्ष आहे असे विधान कायदा करीत नाही. ‘वृक्ष’ या शब्दात बांबू समाविष्ट होतो, एवढेच तो सांगतो. परंतु तोडलेल्या वृक्षाचा समावेश त्याच कायद्याने ‘इमारती लाकूड’ या संज्ञेत केला असल्यामुळे, तोडलेला बांबू सागवानाच्या पंक्तीस जाऊन बसला आणि त्याची तोड व वाहतूक वनखात्याच्या नियंत्रणाखाली गेली.

गावाच्या व्यवहारात याहून निराळा शब्द रूढ होता, तो म्हणजे ‘निस्तार’. संस्कृत ‘निस्+तृ’ या धातूपासून आलेला हा शब्द मराठीतील ‘निस्तरणे’ या क्रियापदाचा सगोत्र होय. त्याचा मूळ भाव पार पडणे, निभावणे असा आहे. घरासाठी, कुंपणासाठी, शेतीच्या अवजारांसाठी लागणारे लाकूड, बांबू व गवत आणणे म्हणजे निस्तार. गडचिरोलीचा प्रदेश त्या काळी मध्य प्रदेश राज्याच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. तेथे १९५० च्या कायद्यान्वये जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आल्यावर या वहिवाटींची नोंद निस्तारपत्रकांत करण्यात आली. नोंदीमुळे वहिवाटीस आधार मिळाला हे खरे. पण घरगुती गरजेपुरती सवलत, हीच तिची मर्यादाही ठरली. विक्रीचा हक्क तीत नव्हता. उलट, बल्लारपूरच्या कागद कारखान्यास याच प्रदेशातील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत होता. एकच कळक बुरुडाच्या वा गावकऱ्याच्या हाती सवलतीची वस्तू ठरत असे, तर कारखान्याच्या आवारात उद्योगाचा कच्चा माल.

मेंढा गावातील जागृतीची पार्श्वभूमी १९८० नंतरच्या दशकातील आहे. इंचमपल्ली व भोपालपटनम येथील नियोजित धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून सुरू झालेला विचारविनिमय देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनी गावात स्थिरावला. निर्णय सर्वसहमतीने घ्यावयाचे आणि त्यापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा करावयाची, अशी पद्धत पडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच काळातील. तिच्या पूर्वार्धात ‘सरकार’ षष्ठीने गावाशी जोडलेले आहे. उत्तरार्धात गाव स्वतःच सरकार झाले आहे. राज्यसंस्थेचा निषेध तीत नाही. सत्तेच्या वाटणीचा आग्रह मात्र निश्चित आहे.

१९९६ च्या पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियमाने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपविण्याची तरतूद केली, तथापि ‘गौण वनोपज’ म्हणजे काय हे सांगितले नाही. ही उणीव २००६ च्या वनहक्क अधिनियमाने भरून काढली. त्यातील यादीचा आरंभच बांबू, झुडपी लाकूड, खुंट आणि वेत यांनी होतो. १९२७ च्या ‘वृक्ष’-व्याख्येशी ही यादी ताडून पाहिली असता, ताडवर्गीय झाडे वगळता तीच नामावली एका संज्ञेतून उचलून दुसरीत ठेवलेली दिसते. वस्तू त्याच राहिल्या. त्यांचा धनी बदलला.

मात्र कागदावरील बदल आपोआप व्यवहारात उतरत नाही. मेंढा गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही ग्रामसभेने बांबू विकावयाचे ठरविल्यावर वाहतूक परवान्याचा प्रश्न उभा राहिला, कारण वनखाते जुन्या व्याख्येस धरून होते. देशात दोन व्याख्या एकाच वेळी अमलात होत्या आणि त्यांतील विरोध विक्रीच्या आग्रहामुळेच उघड झाला. मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूस गौण वनोपज मानण्याविषयी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले. एका गावाने धरलेला अर्थ अशा रीतीने देशाच्या नियमांत उतरला.

यानंतर ग्रामसभेचे स्वरूपही पालटले. तोड किती करावयाची, मजुरी काय द्यावयाची, निविदा कोणाची स्वीकारावयाची आणि हिशेब कसा ठेवावयाचा, हे प्रश्न तिच्यापुढे आले. २०१३ मध्ये गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांची विक्रीही स्वतः केली. १९६९ च्या राज्य कायद्यापासून या व्यापाराची सूत्रे शासनाकडे होती, हे लक्षात घेता या घटनेचे महत्त्व कळते.

२०१७ मध्ये १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळण्यात आला. या दुरुस्तीचे श्रेय मेंढ्यास देण्याचा मोह टाळला पाहिजे. वनेतर जमिनीवरील बांबूच्या लागवडीस उत्तेजन देणे हा तिचा घोषित हेतू होता आणि वनातील बांबू त्यानंतरही वनोपजच राहिला. वनवासी गावांचा हक्क २००६ च्या कायद्यावर उभा आहे.

तेव्हा मेंढ्याच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. व्याख्या संसदेने बदलली. तिचा अंमल गावाने करून घेतला. हे साधले ते हक्काची मागणी करण्यापूर्वी सुमारे दोन दशके गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय जोपासली होती म्हणून. जेथे ही सवय नाही तेथे ग्रामसभेच्या नावावर ठेकेदारच व्यवहार करील, हा धोका उरतोच. आणि तो टाळण्याचे सामर्थ्य कोणत्याही व्याख्येत नाही.