वाचा आणि पुढे पाठवा

कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव नसायचं. वर देवीचा जयजयकार, खाली गिचमिड अक्षरात हुकूम: हे पत्र मिळताच अशीच एकवीस पत्रं लिहून एकवीस जणांना पाठवा. ज्यांनी पाठवली त्यांना लॉटरी लागली, ज्यांनी फाडून टाकलं त्यांचं काय झालं तेही सविस्तर दिलेलं. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा सिनेमा तुफान चालला आणि त्यानंतरची काही वर्षं या पत्रांनी नुसता उच्छाद मांडला. कधी देवीच्या जागी साईबाबा येत, कधी तिरुपतीचा बालाजी, मजकूर तोच. घरात कुणाचा त्यावर फार विश्वास असे अशातला भाग नाही. पण ‘विषाची परीक्षा कशाला?’ म्हणत कुणीतरी पेन घेऊन बसायचंच.

आज फोनवर फॉरवर्ड म्हणून जे येऊन पडतं, त्याचं कुळ हे. सोशल मीडिया नव्याने शिकणाऱ्या ज्येष्ठांना मी आधी हीच गोष्ट सांगते. लाइक, स्टेटस, स्टोरी वगैरे नातवंडं शिकवतातच. वर्तमानपत्र छापणारा एक असतो, वाचणारे लाखभर. इथे वाचणारा प्रत्येक जण पेपर टाकणारा पोऱ्याही असतो. कंपनी रस्ता देते, दारोदार जातो आपण.

पत्रांची खरी गोम त्यांच्या खर्चात होती. ऐंशीच्या दशकात पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळे. एकवीस कार्डांचे तीन रुपये पंधरा पैसे, शिवाय एकवीस पत्ते आठवायचे आणि संध्याकाळभर हात मोडून लिहायचं. बऱ्याच जणांचा भक्तिभाव सहाव्या-सातव्या कार्डालाच आटत असणार. साखळी आटोक्यात राहिली ती या कंटाळ्यामुळे, लोकांच्या शहाणपणामुळे नव्हे. लोभ मात्र भीतीहून कामसू. अमेरिकेत मंदीच्या दिवसांत, १९३५ साली, डेन्व्हर शहरात ‘यादीतल्या पहिल्या नावाला दहा सेंट पाठवा, तुम्हाला शेकडो डॉलर मिळतील’ अशी पत्रं निघाली आणि तिथलं टपाल खातं त्या ढिगाखाली दबून गेलं.

आता २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीत उठली आणि दिवस मावळायच्या आत देशभर, अगदी लंडनच्या देवळांपर्यंत पोचली. मुंबईच्या उपनगरांतही वाटी-चमचा घेऊन रांगा लागल्या. देशातला पहिला मोबाइल कॉल होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, इंटरनेट १५ ऑगस्टला आलेलं आणि मूठभरांपुरतं. सगळी मदार घरच्या काळ्या फोनवर आणि नाक्यावरच्या पीसीओवर. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला, तोवर दूध संपलं होतं. पण त्या दिवशी प्रत्येकाने नंबर फिरवून, स्वतःच्या तोंडाने ‘अगं, खरंच पितोय’ असं सांगितलं होतं. साक्ष आपली, आवाज आपला. उद्या खोटं ठरलं तर विचारायला माणूस होता.

फॉरवर्डचं बटण नसलं म्हणजे अफवा गरीब असते, असं मात्र नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उपनगरं अंधारात, फोन बंद. २८ जुलैच्या रात्री जुहू-पार्ल्याकडच्या नेहरू नगर वस्तीत हाकाटी उठली: धरण फुटलं, त्सुनामी येतेय. त्सुनामी हा शब्द आधीच्याच डिसेंबरात घराघरांत पोचलेला. माणसं बोळांतून जीव घेऊन पळाली आणि त्या चेंगराचेंगरीत कितीतरी जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. पाणी आलंच नव्हतं.

एसएमएस हा मधला भाऊ, त्याला थोडक्यात आवरते. त्याला पैसे पडत. दिवाळी आणि नववर्षाला मोबाइल कंपन्या सवलतीचे पॅक बंद ठेवून पूर्ण दर घेत आणि त्याला ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार असे मेसेज फिरले आणि पुणे, बंगळूरची स्टेशनं घाबरून गावी निघालेल्या तरुणांनी भरली. सरकारने तातडीने एका वेळी पाचांहून जास्त जणांना एसएमएस धाडण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली. पाचाचा हा आकडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

व्हॉट्सअॅप २००९ साली कॅलिफोर्नियात जॅन कूम आणि ब्रायन अॅक्टन यांनी काढलं, तेही मुळात नावाशेजारी ‘आत्ता बोलू शकत नाही’ असं लिहिता यावं म्हणून. २०११ मध्ये त्यात ग्रुप आले, २०१६ मध्ये जिओने डेटा फुकटाच्या भावात आणला. पंधरा पैसे गेले, पत्ते आठवणं गेलं, अक्षरही आपलं उरलं नाही.

मग मजकुराची तारीख गळू लागली. ‘टी विभागात उद्या पाणी येणार नाही, पिंप भरून ठेवा’ हा मेसेज मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी येतो. मूळ सूचना कधीतरी खरी असते, फक्त तिच्यातला ‘उद्या’ शिळा होत नाही. वॉचमन पंप लावतो, बादल्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी नळाला नेहमीसारखं पाणी येतं. तारीख नसलेली सूचना पुढे ढकलू नये, एवढं तरी नवख्याने पाळावं. दुसरी खोड सहीची. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे २००० साली गेले. व्हॉट्सअॅप आल्यापासून त्यांच्या नावावर जेवढ्या कविता जमा झाल्या आहेत, तेवढ्या त्यांनी हयातीत लिहिल्या नसतील. पोस्टकार्डाला देवीचं नाव लागे, फॉरवर्डला लेखकाचं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज कित्येक दिवस फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. देशात इतरत्रही अशा हत्या झाल्या होत्या. केंद्र सरकारने कंपनीला खडसावलं. त्याच महिन्यात मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी पट्टी आली आणि भारतापुरती मर्यादा जाहीर झाली: एका वेळी पाच चॅट. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. टपाल खात्याचे पंधरा पैसे जे काम करत होते, ते कंपनीला नियम करून परत आणावं लागलं.

ही पट्टी लागते कशी, असा प्रश्न हमखास येतो. मेसेज कुलूपबंद असतात ना? असतात. मजकूर कंपनीला वाचता येत नाही, पण प्रत्येक मेसेजबरोबर एक छोटा गणक प्रवास करतो. तुम्ही पुढे ढकललं की तुमचाच फोन त्यात एक मिळवतो. पाच हात फिरून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल २०२० पासून, करोनाच्या काढ्यांचा पूर आल्यावर, असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानंतर अशा मेसेजचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलं, असं कंपनीच सांगते.

दुहेरी बाण दिसला की थांबायचं, हे शिकवणं सोपं. अडचण ग्रुपवरच्या एखाद्या मावशीची आहे. बाण बरा दिसत नाही म्हणून ती मजकुरावर बोट दाबून धरते, कॉपी करते आणि ग्रुपवर पेस्ट करते. गणक शून्यावर येतो, पट्टी जाते, आणि सात वर्षं देशभर भटकलेल्या त्या मजकुराचा फोनच्या लेखी जन्म आत्ता, मुलुंड पूर्वेला झालेला असतो.