ताराबाईंचे बाबा

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे म्हटलं की १८८२ चं 'स्त्री पुरुष तुलना' आठवतं. मला मात्र त्यांचे वडील, बापूजी हरी शिंदे आठवतात. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक माणूस. चार मुलगे, एकच लेक. तिला त्यांनी घरीच शिकवलं. लग्न लवकर लावलं, पण नवरा घरजावई आणला!

१९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी मांडलं, की लहानपणीच्या जिव्हाळ्याचा साचा मोठेपणीच्या प्रेमातही दिसतो. ताराबाईंकडून कुणी प्रश्नावली भरून घेतली नव्हती म्हणा. पण मला वाटतं, आयुष्यातल्या पहिल्याच पुरुषानं जिच्या हाती पुस्तक दिलं, तिला नवरेशाहीचा जाच उठून दिसणारच. मग तिनं थेट विचारलं: सगळे नियम बायकांनाच का?