तळे, नौका आणि पेला

डोंगरांच्या कुशीतील एखादे तळे, मावळतीचा सोनेरी प्रकाश, संथ चालणारी नौका आणि हाती मद्याचा पेला हे चित्र आज जगात अनेक ठिकाणी विकत मिळते. स्वित्झर्लंडपासून अमेरिकेपर्यंत सरोवरांच्या काठची गावे तास-दीड तासाच्या अशा फेरीची तिकिटे देतात, आणि प्रवासी त्या अल्प काळात दिवसाचा शीण विसरून परत येतो. त्याला वाटते की, हे सुख निसर्गानेच दिलेले आहे आणि म्हणून ते फार जुने आहे. राजेरजवाड्यांची जलक्रीडा जुनी आहे, हे खरे. परंतु पैसे मोजून कोणासही घेता यावा असा हा सायंकाळचा जलविहार फार तर दोनशे वर्षांचा आहे. त्यातील तिन्ही वस्तूंना, म्हणजे तळ्याला, नौकेला आणि पेल्याला, आपापला स्वतंत्र इतिहास आहे. खानदेशात या तिन्ही वस्तू होत्या आणि आहेत. मात्र त्या एका ठिकाणी, एकाच माणसाच्या सुखासाठी, सहसा आल्या नाहीत. असे का झाले याचा शोध घेतला म्हणजे सातपुड्याच्या गेल्या दोन शतकांचा बराचसा इतिहास उलगडत जातो.

प्रथम युरोपाकडे पाहावे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्सचे डोंगर हे तेथील सुशिक्षितांना बहुधा भीतीचे व अडचणीचे स्थान वाटत असे. काव्याने आणि चित्रकलेने ती दृष्टी पालटली, आणि वाफेच्या यंत्राने त्या नव्या दृष्टीला वाहन दिले. १८२३ साली जिनीव्हाच्या सरोवरावर पहिली आगबोट चालू लागली. तिला विल्यम टेल या स्विस लोकवीराचे नाव दिले होते. १८३७ साली ल्युसर्नच्या सरोवरावर आणि १८४५ साली इंग्लंडातील विंडरमिअरवर आगबोटी आल्या. १८४७ मध्ये विंडरमिअरपर्यंत आगगाडी पोहोचली. तीन वर्षे आधी, १८४४ मध्ये, वर्डस्वर्थ या कवीने त्या आगगाडीस जाहीर विरोध केला होता. ज्या कवीने लोकांना डोंगर पाहावयास शिकविले, त्यालाच लोक तेथे येऊ लागल्यावर चिंता वाटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुढे आगबोटींवर उपाहाराची दालने निघाली, काठावर मोठमोठी हॉटेले उभी राहिली, आणि सूर्यास्त ही एक विक्रीची वस्तू झाली.

हिंदुस्थानात हा प्रकार साहेबाबरोबर आला. निलगिरीवर जॉन सलिव्हन या कलेक्टराने १८२३ च्या सुमारास उटकमंडचे तळे बांधावयास घेतले. महाबळेश्वराचे वेण्णा तळे मात्र साहेबाने नव्हे, तर साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविले. त्याच सुमारास, दूर कुमाऊँच्या डोंगरात, नौका आणि मालकी यांचा संबंध उघड करून दाखविणारी एक घटना घडली. बॅरन नावाचा साखरेचा एक गोरा व्यापारी नैनितालला गेला. ते तळे तेथील लोक देवीचे मानीत. बॅरनने पुढच्या खेपेस खालून माणसांच्या खांद्यांवरून एक नौका वर आणविली. तळ्यावर व भोवतालच्या जमिनीवर हक्क सांगणारा नरसिंग नावाचा ठाकूर होता. बॅरनने त्याला नौकेत बसवून मध्यभागी नेले आणि तेथे बुडविण्याचा धाक घालून आपला हक्क सोडल्याचे त्याच्याकडून लिहून घेतले. बॅरनने ही हकीकत स्वतःच विनोद म्हणून छापली आहे. पण त्या विनोदात पुढील शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. ज्याला पोहता येत नाही आणि ज्याची नौका नाही, त्याला आपलेच तळे परके होते.

आता खानदेशाकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा प्रांत इंग्रजांकडे आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा तिसरा जिल्हा निघाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. तापीकाठची काळी जमीन सुपीक असली, तरी पावसाचा भरवसा नाही. म्हणून येथे पाणी ही शोभेची वस्तू कधी नव्हती. पांझरा नदीवर छोटे बंधारे घालून, त्याखालील जमिनीचे फड पाडून, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी सोडावे, अशी फडपद्धती येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली. धुळे शहराला नकाणे व डेडरगाव या तलावांनी पिण्याचे पाणी पुरविले. एरंडोलजवळच्या डोंगरावरील पद्मालय येथे कमळांनी भरलेले तळे आहे. परंतु लोक तेथे गणपतीच्या दर्शनास जातात. जळगावचे मेहरूण तळे हेच काय ते सायंकाळी सहज फिरावयास जाण्याचे. म्हणजे खानदेशातील पाण्याची कामे तीन : शेत भिजविणे, तहान भागविणे आणि देवाच्या पायाशी असणे. पाण्यावरून हिंडणे हे त्यांत नव्हते.

अपवाद व्हावा असे एकच ठिकाण होते, ते तोरणमाळ. शहाद्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर हे पठार आहे. तेथे यशवंत तलाव हे विस्तीर्ण तळे आहे, जवळच कमळांचे दुसरे तळे आहे, सीताखाईची खोल दरी आहे आणि गोरक्षनाथाचे देवस्थान आहे. महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. थंड हवा, उंची, पाणी आणि दरीचा देखावा, महाबळेश्वराला जे काही होते त्यातील बरेच तोरणमाळास होते. तरीही तोरणमाळाचे महाबळेश्वर झाले नाही. महाबळेश्वराच्या पायथ्याशी साताऱ्याची गादी होती आणि मुंबई-पुण्याचे अधिकारी तेथे उन्हाळा काढीत. तोरणमाळाच्या भोवती अक्राणीचा दुर्गम मुलूख होता, हिवतापाची दहशत होती आणि रस्ता नव्हता. त्या मुलुखात भिल्ल व पावरा लोकांची वस्ती होती, आणि सरकारला त्यांच्याशी प्रथम वेगळाच व्यवहार करावयाचा होता.

त्या व्यवहारात पेल्याचा प्रवेश फार लवकर झाला. १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम आले. पुढे या पलटणीचे ठाणे धरणगावास होते. ज्यांच्याशी लढावयाचे त्यांच्यातूनच शिपाई निवडावयाचे होते. त्यांचा विश्वास संपादण्यासाठी औट्रमने त्यांच्याबरोबर शिकार केली आणि त्यांच्या मेजवान्यांत तो सामील झाला. भिल्लाच्या मेजवानीत मोहाचे मद्य असावयाचेच. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळून पडतात. ती बायकामुले वेचून वाळवितात. दुष्काळात तेच अन्न, आणि कुजवून मडक्यात गाळले म्हणजे तेच मद्य. जन्म, लग्न, होळी, देवाचा नवस, यांतील कोणतेही कार्य त्याच्यावाचून होत नसे. पहिले थेंब भूमीला व देवाला, नंतर वडील माणसांना आणि मग इतरांना, असा त्याचा क्रम होता. एकट्याने मौजेखातर प्यावयाची ती वस्तू नव्हती.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला आणि हा क्रम मोडला. या धोरणामागे चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. घरोघरची भट्टी गुन्हा ठरली. मद्य सरकारी देखरेखीखालील कारखान्यात गाळावयाचे, त्यावर गॅलनमागे कर बसवावयाचा आणि विक्रीचा हक्क मक्तेदाराला द्यावयाचा, अशी व्यवस्था आली. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. झाड अंगणातले, फूल आपल्या हाताने वेचलेले; पण पेला मात्र दुकानातून विकत आणावयाचा. हाती रोकड नसली की दुकानदाराकडे उधारी, उधारीपायी सावकार आणि सावकारापायी शेत, ही साखळी शहादे-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात अनेक भिल्ल कुटुंबांच्या नशिबी आली. ज्या वर्षांत नैनितालचे साहेब नौकांच्या शर्यती पाहत मद्याचे पेले रिचवीत होते, त्याच वर्षांत सातपुड्यातील माणूस स्वतःच्या मोहासाठी गुन्हेगार ठरत होता. मद्य तेच, फरक एवढाच की, एकाचे सुख परवान्याचे होते आणि दुसऱ्याचा रिवाज परवान्याबाहेरचा.

याला सातपुड्याने दिलेले उत्तर अनपेक्षित होते. भट्टीचा हक्क परत मागण्याऐवजी तेथील लोकांनी पेलाच खाली ठेवला. १९३७ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवड गावचे गुला महाराज या भिल्ल संताने दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, भांडू नका, असा साधा उपदेश सुरू केला. दर सोमवारी मोरवडला आरती होई आणि तिला हजारोंचा समुदाय लोटे. दुकानांचे गिऱ्हाईक तुटले, तेव्हा ज्यांचा धंदा त्यावर चालत होता ते अस्वस्थ झाले. १९३८ मध्ये गुला महाराज निवर्तले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. त्यांना सरकारी रोष व हद्दपारी सोसावी लागली. दारू सोडा म्हणणाऱ्यास हद्दपार करणारे सरकार लोकांच्या नीतीसाठी आबकारी चालविते, असे कोणाला कसे पटावे?

पुढे काळ बदलला. १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात दारूबंदी झाली, आणि १९४९ मध्ये सबंध इलाख्यासाठी मुंबई दारूबंदी कायदा आला. नंतर ती बंदी सैल झाली. परंतु त्या कायद्याचा सांगाडा महाराष्ट्रात अद्याप कायम आहे आणि मद्य पिण्यास परवाना लागतो हे तत्त्वही कायम आहे. १९७२ नंतर शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेचे काम उभे राहिले, तेव्हा तेथील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. गुला महाराजांच्या उपदेशानंतर पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा पुढे आला होता. या वेळी घरात मार खाणाऱ्या बाईने तो हाती घेतला, एवढाच भेद.

तळ्याची आणि पेल्याची हकीकत अशी झाली. राहिली नौका. रस्ता झाल्यावर तोरणमाळास प्रवासी येऊ लागले, निवासाची सोय झाली आणि यशवंत तलावावर हौसेचा नौकाविहारही होऊ लागला. परंतु सातपुड्यातील सर्वांत मोठे तळे आता तोरणमाळचे नव्हे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे नदीचे पाणी मागे चढत गेले. त्यात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. १९९३ साली मणिबेलीला बुडीत आले. २०१७ मध्ये धरण पुरे झाल्याचे जाहीर झाले. त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. डोंगरांच्या घड्यांतून पसरलेले ते निळे पाणी सायंकाळी पाहणाऱ्यास भुरळ घालील इतके देखणे आहे. त्याच्या पोटात शेते, घरे आणि मोहाची झाडे आहेत. ज्या पाड्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या, तेथे नौका हाच रस्ता झाला. बाजारास जाणारा माणूस, आरोग्यसेविका, आजारी मूल, सारे नौकेनेच जातात. सरकारला तरंगता दवाखाना चालवावा लागला, यावरून त्या नौकेची गरज कळून येते.

तेव्हा खानदेशात तळे, नौका आणि पेला एकत्र आले नाहीत, याचे कारण येथील लोक अरसिक होते हे नव्हे. तळे कधी देवाचे होते, कधी सरकारचे झाले. पेला घरचा होता तो मक्तेदाराचा झाला. आणि नौका आली ती घर बुडाल्यावर आली. उद्या सातपुड्यातील एखाद्या पाण्यावर सायंकाळच्या फेरीची तिकिटे विकली जाऊ लागली, तर त्यात वावगे काही नाही. शिणलेल्या माणसाने मावळतीचे पाणी पाहावे, यात दोष कसला? मात्र त्या नौकेचे सुकाणू काठच्या माणसाच्या हाती असावे, तिच्या उत्पन्नात त्याचा वाटा असावा, आणि ज्या गावाने पेला खाली ठेवला त्या गावाला तो पुन्हा उचलावयास कोणी लावू नये. बॅरनच्या नौकेत नरसिंगाला पाण्याच्या मध्यभागी सही करावी लागली. सातपुड्यातील करार काठावर, सर्वांच्या देखत आणि राजीखुशीने व्हावा, एवढे तरी दोनशे वर्षांच्या अनुभवाने शिकविलेले असावे.