बाटली आणायला पोर धाडू नका

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. पण विहाराबाहेर काय चालले होते?

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबला, चूल पेटेना, रिकामे हात गुत्त्याकडे वळले. आम्ही तेव्हा पोरं. बाटली आणायला आम्हालाच धाडत. येता येता एखादा घोट आम्हीही चाखला, ते इथे लपवायचे नाही.

पुढे पोरांच्या दारूविरुद्ध उभे राहिलो, तेव्हा आधी आपलीच माणसे हसली. महिला मंडळ मात्र पुढे झाले. एक गल्ली सुधारली तर पोर दुसऱ्या गल्लीत जाई. म्हणून शेजारचे मुसलमान, मराठा बांधव, व्यायामशाळा, शाळेचे गुरुजी, सगळ्यांना विहारात बोलावले. ठराव एकच : मुलाकडून दारू मागवायची नाही. कडक दारूला कायद्याने 25 वर्षांची अट आहे, ती बायांनी दुकानदाराला ऐकवली.

गुत्ता उठला नाही, हे खरे. पण पोराला धाडणारा बाप आता मान खाली घालतो. शील आधी बापाने पाळावे, मग पोराला शिकवावे.

जय भीम!