दोन चाकांचे 'वाहन' कायद्यात बसेना

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून इथे आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे तारुण्य दोन चाकांवर गेले. कॉलेज, क्लास, पहिली नोकरी, लग्नाच्या पत्रिका वाटणे, सारे काही स्कूटरवर. त्यामुळे मिशिगनच्या विमा कायद्यात मोटारसायकल ही 'मोटार वाहन' नाही असे कुणी सांगितले, तर ती थट्टाच वाटावी. ॲन आर्बरमधल्या आमच्या एका तरुण मित्राला अपघात झाला तेव्हा ते कलम मी प्रथम वाचले. मी वकील नाही, इंजिनिअर. पण एखादी गोष्ट अशी का झाली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. उन्हाळा लागला की ह्युरॉन रिव्हर ड्राइव्हवरून 'हेल' नावाच्या गावाकडे मोटारसायकली धावू लागतात, आणि त्यांत आता आपलीही मुले असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी रीत सगळीकडे एकच होती: समोरच्याची चूक सिद्ध करा आणि भरपाई घ्या. खटला वर्षानुवर्षे चाले. इस्पितळाची बिले मात्र थांबत नसत. १९६५ मध्ये रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओ'कॉनेल या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी वेगळी योजना मांडली. औषधोपचार आणि बुडालेला पगार ज्याच्या त्याच्या विमा कंपनीने लगेच द्यावा, चूक कुणाची हा वाद त्यात आणू नये. हीच 'नो-फॉल्ट' पद्धत. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १९७१ पासून सुरू झाली. मिशिगनमध्ये गव्हर्नर विल्यम मिलिकन यांच्या कारकिर्दीत १९७२ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९७३ पासून तो लागू झाला. इथल्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की औषधोपचाराला कमाल मर्यादाच नव्हती. गरज पडल्यास जन्मभर खर्च मिळे. त्या बदल्यात कोर्टात जाण्याचा हक्क आखडला. वेदना आणि मनस्तापाबद्दल भरपाई हवी असेल, तर मृत्यू, शरीराच्या कार्यात गंभीर बिघाड किंवा कायमची गंभीर विद्रूपता यांपैकी काहीतरी झालेले असले पाहिजे.

मेख होती ती व्याख्येत. सार्वजनिक रस्त्यावर यंत्रशक्तीने चालणारे आणि दोनपेक्षा अधिक चाके असलेले ते 'मोटार वाहन'. म्हणजे दुचाकी बाहेर! यामागे हिशेब होता. मोटारसायकलस्वार दुसऱ्याला फारशी इजा करत नाही, पण स्वतः मात्र जबर जखमी होतो. त्याच्याच पॉलिसीवर अमर्याद उपचार टाकले, तर हप्ता कुणालाच परवडला नसता. म्हणून त्याच्यावर फक्त इतरांच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. प्रोग्रॅममध्ये एका ओळीत केलेली व्याख्या हजार ओळींनंतर कशी नडते, हे आपल्या व्यवसायातल्यांना सांगायला नको.

मग जखमी स्वाराने जायचे कुठे? हा प्रश्न १९७९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 'अंडरहिल विरुद्ध सेफको' या निकालाने, मोटारगाडीशी संबंध असलेल्या अपघातात स्वारालाही नो-फॉल्टचे लाभ मिळतात, हे स्पष्ट झाले. १९८० च्या दुरुस्तीने कुणाकडे मागायचे तो क्रमही ठरला: आधी अपघातातल्या गाडीच्या मालकाची विमा कंपनी, मग त्या गाडीच्या चालकाची, मग स्वाराच्या स्वतःच्या गाडीची आणि शेवटी मोटारसायकलच्या मालकाच्या गाडीची. चूक स्वाराची असली तरी हे लाभ मिळतात. मात्र अपघातात गाडी नसेल, म्हणजे समजा हरीण आडवे आले आणि स्वार पडला, तर यातले काहीही मिळत नाही. आणि मोटारसायकलच्या मालकाने स्वतःचा सक्तीचा विमा घेतलेला नसेल, तर गाडीवाल्याची चूक असूनही त्याला हे लाभ नाकारले जातात.

आमच्या मित्राच्या समोरून येणारी गाडी डावीकडे वळली आणि तो तिच्यावर आदळला. पायाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. घरच्यांनी साहजिकच मोटारसायकलच्या विमा कंपनीला फोन केला आणि तिथे नकार ऐकून हात टेकले. कागद जायला हवे होते त्या गाडीच्या मालकाच्या कंपनीकडे! चार महिने गेल्यावर एका वकिलाने ते सांगितले. सुदैवाने मुदत उलटली नव्हती.

इतिहास इथेच थांबत नाही. हेल्मेटची सक्ती १९६९ पासून होती. एप्रिल २०१२ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी ती सैल केली. २१ वर्षांवरील स्वाराला, त्याने पुरेसा अनुभव किंवा प्रशिक्षण घेतलेले असेल आणि निदान २०,००० डॉलर्सचा वैद्यकीय विमा घेतला असेल, तर हेल्मेटविना जाता येते. डोक्याला मार लागल्यावर अतिदक्षता विभागात ही रक्कम किती दिवस पुरेल, हे आपल्या डॉक्टर मंडळींनाच विचारावे.

त्याहून मोठा बदल २०१९ चा. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी सही केलेल्या कायद्याने जुलै २०२० पासून गाडीमालकाला वैद्यकीय संरक्षण किती घ्यायचे ते निवडता येऊ लागले: अमर्याद, ५,००,००० डॉलर्स, २,५०,००० डॉलर्स, आणि मेडिकेड असलेल्यांना ५०,००० डॉलर्सही. हप्ता कमी करण्यासाठी हे झाले. पण स्वाराचे उपचार दुसऱ्याच्या पॉलिसीवर अवलंबून, त्यामुळे त्या अनोळखी माणसाने जी मर्यादा निवडली तीच स्वाराच्या वाट्याला येते! वरच्या खर्चासाठी चूक असलेल्या चालकावर दावा लावता येतो. पण ते म्हणजे १९७२ पूर्वीच्याच वाटेवर परत जाणे.

भारतात उलटे आहे. तिथल्या कायद्यात स्कूटर हे मोटार वाहनच. दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. तरी चूक सिद्ध करावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये 'मिनू मेहता' खटल्यात सांगितले. पाचच वर्षांनी, १९८२ मध्ये, चूक न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. रक्कम तुटपुंजी, पण दोन चाके की चार, असा भेद तीत नव्हता.

आता व्यवहाराचे. इथे लाभांसाठी विमा कंपनीला लेखी सूचना अपघातापासून एका वर्षाच्या आत गेली पाहिजे. चूक असलेल्या चालकावरील दाव्याला सामान्यतः तीन वर्षे असतात. बुडालेल्या पगाराचे ८५ टक्के, ठराविक कमाल मर्यादेत, तीन वर्षांपर्यंत मिळतात. पुरेसा पुरावा दिल्यावर ३० दिवसांत पैसे आले नाहीत, तर १२ टक्के व्याज लागते. वकिलाची फी मिळालेल्या रकमेतून, खर्च वजा जाता, एक तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे खिशात पैसे नाहीत म्हणून वकिलाकडे जायचे टाळू नये. अपघातानंतर ३० दिवस जखमीला गाठून काम मागायला कायद्याने बंदी आहे. त्या दिवसांत आपणहून फोन करणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

मुलगा किंवा मुलगी मोटारसायकल घेतो म्हणाली, तर नुसते 'नको' म्हणून भागत नाही. आपणही कुणाचे ऐकले होते? एका संध्याकाळी दोघांनी मिळून पॉलिसी उघडावी. स्वतःचे वैद्यकीय संरक्षण किती आहे, हेल्थ इन्शुरन्स वाहन अपघाताचा खर्च देतो का, एवढे दोन प्रश्न पाहावेत. आणि आपली गाडीची पॉलिसी नव्याने करताना स्वस्तातली मर्यादा निवडण्यापूर्वी एवढे आठवावे, की उद्या रस्त्यात कुणा दुसऱ्याच्या मुलाचे उपचार त्याच आकड्यावर अवलंबून असतील.