मेंदूतली दाढ

मध्यमेंदू आणि पॉन्स जिथे जुळतात, नेमक्या त्या पातळीवरची एमआरआयची आडवी चकती पाहिली तर जूबेअर सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मेंदूत चक्क एक दाढ दिसते. पुढे मुकुट आणि मागे दोन जाडजूड मुळं. ही मुळं म्हणजे लहान मेंदूकडून वर जाणारे दोन पेडंकल, तंतूंचे जुडगे. एरवी ते बारीक आणि तिरपे असतात, आणि त्यांतले तंतू मध्यमेंदूत पोचले की एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. या मुलांत हे ओलांडणं होत नाही. डावीकडचे तंतू डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे. मध्यमेंदू मधोमध चिंचोळा होतो, पुढून खोल खाच पडते आणि पेडंकल लांब, जाड, जवळजवळ आडवे होऊन बसतात. लहान मेंदूच्या दोन अर्धगोलांना सांधणारा मधला भाग, व्हर्मिस, खुरटलेला असतो किंवा नसतोच.

नजर सरावलेल्या रेडिओलॉजिस्टला ही दाढ ओळखायला फार वेळ लागत नाही. पण तिला हे नाव मिळालं 1997 साली. विकाराची नोंद त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीची.

1969 साली क्वेबेक प्रांतातल्या माँट्रियलच्या मारी जूबेअर यांनी आयझेनरिंग, रॉब आणि आंडरमान या सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबातली चार भावंडं त्याच्या केंद्रस्थानी होती. या मुलांचा श्वास मधूनच भराभर चाले, मग मध्येच थांबे. ताप नाही, छातीत काही नाही, रडणंही नाही. डोळे विचित्र हालत, तोल सावरत नसे, बौद्धिक वाढ मागे पडलेली. सीटी स्कॅन अजून आला नव्हता. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या जागी हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा, ही त्या काळची पद्धत. रुग्णाला ती फार जड जाई. त्या सावल्यांमधून मेंदूची रचना वाचावी लागे. निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: व्हर्मिस नसणं, तेही एका घराण्यात.

घराण्याचा शोध लागायला क्वेबेकसारखी दुसरी जागा नाही. तिथल्या कॅथलिक चर्चांनी बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं सतराव्या शतकापासून नोंदवून ठेवली आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या सापडतात, तशातलाच हा प्रकार. भावंडांच्या आईवडिलांचं दूरचं नातं निघालं. फ्रान्सहून आलेल्या काही हजार वसाहतकारांपासून तो समाज वाढला, तेव्हा एखाद्या पूर्वजाकडचा सदोष जनुक दोन्ही बाजूंनी खाली उतरून एका बाळात एकत्र येणं अशक्य नव्हतं. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाधित बाळाची शक्यता 25 टक्के. दोघंही स्वतः ठणठणीत असतात, म्हणून तर कुणाला शंका येत नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे, आणि अशा लग्नांत ही गाठ पडण्याचा संभव वाढतो. पण काहीही नातं नसलेल्या जोडप्यांतही हा विकार दिसतो, हे इथेच सांगितलेलं बरं. नाहीतर सगळा दोष सोयरिकीच्या माथी मारायची आपल्याला फार हौस.

जूबेअर यांचं नाव विकाराला रूढ झालं ते 1977 च्या सुमारास, झ्युरिचच्या बोल्ट्सहाउझर आणि इस्लर यांच्या निबंधानंतर. (बोल्ट्सहाउझर यांचंही नाव पुढे लहान मेंदूच्या दुसऱ्याच एका विकाराला मिळालं.) व्हर्मिसची वाढ मात्र इतरही कितीतरी विकारांत खुंटते. तेवढ्या खुणेवर निदान करायचं म्हणजे श्वास आणि डोळे यांच्या बोलण्यावर विसंबणं आलं, आणि श्वासाचा गोंधळ तर वयाबरोबर कमी होत जातो. मूल उशिरा आलं की खूण पुसट झालेली. 1997 मध्ये बर्नार्ड मारिया आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरची दाढ दाखवली आणि ही अडचण बरीचशी मिटली. माझ्या मते या विकाराचा खरा जन्म तिथे झाला. 1969 मध्ये जे नाही त्याचं वर्णन झालं होतं. आता जे आहे ते बोटाने दाखवता येऊ लागलं.

पण दाढेने एक नवं कोडं घातलं. तीच दाढ वेगळ्या नावांच्या रुग्णांतही दिसायला लागली. अशा एका विकाराची नोंदही 1969 चीच होती. अनातोल डेकाबान यांनी नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात एका घरातल्या मुलांबद्दल लिहिलं होतं: जन्मतः दृष्टिपटलाचं अंधत्व, मूत्रपिंडात गाठी, मेंदूची सदोष वाढ. मेंदूचे डॉक्टर एक नियतकालिक वाचत, डोळ्यांचे दुसरं. एकाच वर्षी कागदावर आलेली ही दोन घराणी जवळची आहेत हे कळायला तीन दशकं गेली. 2004 मध्ये जोसेफ ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी दाढ दिसणाऱ्या अशा विकारांची मोट बांधली.

मेंदू, डोळा, मूत्रपिंड, कधी यकृत. यांना एकत्र बांधणारा दुवा निघाला पेशीवरच्या एका केसासारख्या, अतिसूक्ष्म अवयवात. 1898 मध्ये त्सिमरमान यांनी तो पाहिला होता, 1968 मध्ये सोरोकिन यांनी त्याला प्राथमिक सिलिया म्हटलं, आणि नंतरही बराच काळ तो उत्क्रांतीतलं उरलंसुरलं अडगळीचं सामान समजला गेला. श्वासनलिकेतले सिलिया हलून कफ वर ढकलतात. हा एकटाच उभा असतो, हलत नाही. त्याचं काम बाहेरचे रासायनिक संदेश घेण्याचं. वाढणारा मेंदू त्याच्यावर अवलंबून असतो, दृष्टिपटलाच्या प्रकाशग्राही पेशीचे दोन भाग त्याच्याच एका रूपाने जोडलेले असतात, मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशींवरही तो असतो. 2004 मध्ये पहिले जनुक सापडू लागले. आज त्यांची संख्या पस्तिसाच्या वर गेली आहे आणि जवळजवळ सगळ्यांचा संबंध या सिलियाशीच लागतो.

म्हणून दाढ दिसल्यावर फक्त मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन भागत नाही. विकार बरा करणारं औषध नाही, पण फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम आणि नियमित तपासण्या यांनी पुष्कळ फरक पडतो. दाढ मूत्रपिंडाबद्दल काही सांगत नाही. सुमारे चौथाई मुलांत मूत्रपिंडाचा आजार पुढे उद्भवतो आणि सुरुवातीला तो मुकाट असतो. मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, एवढीच त्याची पहिली चाहूल. मूल रात्री उठून पुन्हा पुन्हा पाणी मागतं, अंथरूण ओलं करतं, आणि घरच्यांना ती सवय वाटते. मूत्रपिंड बिघडल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून रक्त, लघवी, यकृत आणि डोळे यांची तपासणी दर वर्षी करायची, मूल वरवर कितीही ठीक दिसत असलं तरी.